बुर्किना फासोचे खड्डे

महोदय,

बुर्किना फासो आपल्याकडे छापून येतो तो लष्करी उठाव झाला की. सहा देशांनी वेढलेल्या या देशाला समुद्र नाही. परदेशी माल शेजाऱ्यांच्या बंदरांतून येतो, म्हणून रासायनिक खत महाग. तिथल्या उत्तर भागातली ‘झाई’ ही खड्ड्यांत पेरणी करण्याची पद्धत याच अडचणीत टिकली. पावसाआधी टणक, उजाड जमिनीत 20-30 सेंटिमीटर रुंद आणि 10-20 सेंटिमीटर खोल खड्डे घेतात. माती उताराच्या खालच्या अंगाला लावायची, आत ओंजळ-दोन ओंजळ शेणखत. खतामागे वाळवी येते, जमीन पोखरते आणि पाणी मुरतं (आपण मात्र वाळवी दिसली की औषध शोधतो!). मग ज्वारी किंवा बाजरी पेरायची. खत कच्चं राहिलं आणि पावसाने ताण दिला, तर रोपं करपतात. रेताड जमिनीत खड्डे ढासळतात, पाणी साचणाऱ्या चिबड जमिनीत मुळं कुजतात. शिवाय हेक्टरी दहा हजारांहून जास्त खड्डे, म्हणजे मजुरी भरमसाट. झाई सुधारणारे तिथले शेतकरी याकुबा सावादोगो यांना त्या कामासाठी 2018 मध्ये ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला, तेव्हाही मजुरीचा मुद्दा फारसा कुणी काढला नाही. विदर्भाने आणखी एक नोंद घ्यावी : बुर्किना फासोत 2008 मध्ये आलेलं बीटी कापसाचं बियाणं धाग्याची लांबी घटल्याने काही वर्षांतच बंद करण्यात आलं.

– एक वाचक, अकोला