संगीताचा तास गणिताला देऊ नका

महोदय,

२१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन, आणि तोच जागतिक संगीत दिनही. शाळेत त्या दिवशी चटया अंथरल्या जातात, संध्याकाळी कुठे तरी गाणं होतं. मुलांना मात्र या दोन्हींची गरज रोज आहे, आणि एकत्र आहे.

मी माशेलला बरीच वर्षं गाणं शिकवते. बारावीतली एक मुलगी क्लासला यायची, पण गायची नाही. "बाई, आज नुसतीच बसू?" म्हणायची. मी तिच्या हाती तंबोरा दिला. त्याच्या चार तारा ओळीने छेडायच्या: पंचमाची, मग जोडाच्या दोन, मग खर्जाची. एक तार पुरती घुमू द्यायची, तेव्हाच पुढची छेडायची. डोळे मिटून ती तेवढंच करत राहिली. आठ-दहा दिवसांनी तिने आपणहून सा लावला. पाच-सहा सेकंदांतच दम संपला. महिन्याभरात तोच सा पंधरा सेकंद टिकायला लागला. परीक्षेची भीती गेली, असं मी म्हणणार नाही. पण रात्री झोप लागते, हे तिच्या आईने देवळात भेटून मला सांगितलं.

लांब सा लावताना उच्छ्वास आपसूक लांबतो, श्वासांची संख्या कमी होते, छातीतली धडधड उतरते. 'श्वासावर लक्ष दे' एवढंच सांगितलं तर पंधरा वर्षांच्या मुलाचं मन लगेच भरकटतं. सुरात तसं होत नाही. आपला सा तंबोऱ्यात मिसळला का, हे ऐकत राहावंच लागतं. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरतीला घुमट हे मातीचं वाद्य वाजवायला बसलेला मुलगा पाहा, तासभर त्याला मोबाइल आठवत नाही.

शाळेत शब्द नकोत, नुसता आकार, म्हणजे 'आ' म्हणत सूर लावणं, पुरे. मग कुठल्याच धर्माच्या मुलाला परकं वाटणार नाही. चर्चच्या कॉयरमध्ये गाणाऱ्या मुलांचा सूर तर आधीच पक्का असतो. रोज पहिल्या तासाआधी दहा मिनिटं द्यावीत. आणि परीक्षा जवळ आली की संगीताचा तास गणिताला द्यायची पद्धत कृपा करून थांबवावी. मुलांना तो तास तेव्हाच सगळ्यांत जास्त हवा असतो, हे मी दर वर्षी बघते.

जे मूल मनाने पार खचलंय, त्याला तंबोरा पुरणार नाही. त्याला समुपदेशकच हवा, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर हवा.

शाळेत तंबोरा नसेल तर मोबाइलवरचा चालेल. माशेलच्या आसपासच्या शाळांत सकाळी येऊन मुलांसोबत बसायला मी तयार आहे.

एक संगीत शिक्षिका,
माशेल, गोवा