६५ टक्के ओलियमच्या टाकीबद्दल

प्रिय सुधीर,

तुझ्या पत्राला इतका उशीर केला, रागावला असशील तर हक्कच आहे तुझा. तब्येत बरी, गोळ्या चालू. पण ६५ टक्के ओलियम (म्हणजे ६५ टक्के मोकळा सल्फर ट्रायऑक्साइड विरघळलेलं सल्फ्युरिक ॲसिड) आणून प्लांटमध्येच त्याचं २५ टक्के करणार, हे वाचल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. इथे कुणाला सांगून उपयोग नाही.

हिशेब सोपा आहे. मोकळ्या सल्फर ट्रायऑक्साइडच्या टक्क्यांना ०.२२५ ने गुणायचं, १०० मिळवायचे, की सल्फ्युरिक ॲसिडच्या हिशेबातली ताकद निघते: ६५ चे ११४.६, २५ चे १०५.६. (शंभराच्या वर ताकद कशी, म्हणून मेसमध्ये किती भांडला होतास! तो आकडा पाणी घालून तयार होणाऱ्या ॲसिडचा आहे, भल्या माणसा.) १०० किलो २५ टक्के करायला ६५ चं सुमारे ४६ किलो आणि ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडचं ५४ किलो.

माझी काळजी क्रमाची आहे. ६५ मध्ये ९८ सोडलंस तर मिश्रण ४५ टक्क्यांवरून खाली उतरतं. तिथे ते जवळजवळ निव्वळ पायरोसल्फ्युरिक ॲसिड असतं आणि ३५ अंशांच्या आसपास गोठतं. थंड कॉइलवर थर बसतो, उष्णता निघेनाशी होते, वर वाफा. उलट, ९८ मध्ये ६५ सोडलंस तर गोठणं टळतं. पण १०० ते १०२ ताकदीच्या पट्ट्यातून गरम मिश्रण जातं आणि साधं पोलाद तिथेच सर्वात जास्त खातं. म्हणून भांड्यात आधीच्या बॅचचं २५ टक्के राखून ठेव, पंपाने कूलरमधून फिरतं ठेव आणि दोन्ही ॲसिडं त्याच प्रमाणात एकाच वेळी, पातळीखाली सोड. ताकद जागची हलतच नाही. बिडाचा एकही व्हॉल्व्ह लाइनवर नको, ओलियममध्ये बीड तडकतं.

लाइन गोठलीच तर थेट वाफ लावू देऊ नकोस. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला ओलियमचा रेल्वे टँकर उतरवण्यासाठी तापवताना दाब वाढला, सेफ्टी डिस्क फुटली आणि वीस हजारांहून जास्त माणसं दवाखान्यात गेली. लाइनभोवतीच्या जॅकेटमधून कोमट पाणी, तेही उघड्या टोकाकडून सुरू करून. दोन बंद व्हॉल्व्हमधला तुकडा कधीच तापवायचा नाही. टाकीच्या आत स्टीम कॉइल तर नकोच. तिला भोक पडलं की पाणी थेट ओलियममध्ये. सांडलं तर कोरडी वाळू. साठलेल्या ॲसिडवर पाण्याचा पाइप धरला की धुराचा ढग उठतो. व्हेंटवर कोरड्या हवेची सोय हवी, नाहीतर ओलाव्याने तोंड चोंदतं.

६५ घेण्यामागचं तुझं कारण मला पटतं. सल्फोनेशनमध्ये (रेणूला सल्फोनिक गट जोडताना) सुटणारं पाणी ॲसिड पातळ करतं, मग ॲसिड ढीगभर लागतं आणि उरलेलंही ढीगभर. पण गरजेपेक्षा तेज ओलियमने सल्फोन हे नको असलेले उपपदार्थ वाढतात, दुसरा गट नको तिथे जोडला जातो. आधी २५ वर उत्पादनाचा अंदाज घे, मग पुढचं बोलू.

मुक्ताचं लग्न ठरलं, फार आनंद झाला, तारीख कळव. वहिनींना नमस्कार. घराचं काम उरकलं का?

काहीही ऑर्डर करण्याआधी पाइपिंगचं रेखाटन मला पाठव. त्यात प्रत्येक व्हॉल्व्हचं मटेरियल लिहिलेलं असू दे.

तुझा,
माधव