सेंकोव्हाच्या लाकडी चर्चसाठी कोल्हापुरातून एक पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक मंत्री, पोलंड सरकार, वॉर्सा

स. न. वि. वि.

१९४३ ते १९४८ या काळात आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्यात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या छावणीत चर्चही होतं. त्या जुन्या शेजाराच्या हक्काने हे लिहितो आहे.

गेल्या वर्षी गोर्लित्सेजवळच्या सेंकोव्हा गावातलं, १५२० च्या सुमाराचं लाकडी चर्च पाहिलं. उंच, उतरतं छप्पर खाली पार ओसरीपर्यंत आलेलं, त्यावर कौलांच्या जागी लाकडी चिपा. ओसरीला तिथे ‘सोबोती’ म्हणतात, म्हणजे शनिवार. रविवारच्या मिस्सेसाठी लांबून निघालेली माणसं शनिवारी रात्रीच येऊन तिथे अंग टाकायची. देवळाच्या ओवरीत मुक्काम करणाऱ्या आम्हा लोकांना हे लगेच कळतं.

पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ च्या हिवाळ्यात, लढाईची आघाडी गावापर्यंत आली. सैनिकांनी चर्चचं लाकूड काढून खंदकांना लावलं, काही थंडीत जाळलं. युद्धानंतर ते पुन्हा उभं राहिलं आणि २००३ मध्ये आणखी पाच लाकडी चर्चसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

त्या सहांकडे जगाचं लक्ष आहे. माझा जीव तुटतो तो बाकीच्यांसाठी. गोर्लित्सेच्याच परिसरातलं लिबुशाचं सोळाव्या शतकातलं चर्च १९८६ मध्ये जळलं. लोकांनी ते पुन्हा उभारलं, तर २०१६ मध्ये परत आग लागली. क्राकूव्हमधल्या वोला युस्तोव्स्काचं चर्चही असंच दोनदा जळालं, १९७८ आणि २००२ मध्ये.

आगीत काय जातं ते आम्ही पाहिलं आहे. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ साली सुरू झालेलं आमचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

म्हणून विनंती आहे. यादीत नाव असो-नसो, खेड्यातल्या प्रत्येक जुन्या लाकडी चर्चमध्ये धूर ओळखणारी यंत्रणा, पाण्याची टाकी आणि दरवर्षी वायरिंगची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. छोट्या गावाच्या दानपेटीतून हे निघणार नाही. छपराच्या चिपा हाताने काढणाऱ्या सुतारांकडे तरुण मुलं शिकायला येतील, अशी विद्यावेतनाची सोयही करावी. लिबुशासारखं जे जळून गेलं आहे, त्याचीही पुन्हा उभारणी याच सुतारांच्या हातून व्हावी.

आपला,
वळिवड्याच्या शेजारचा एक कोल्हापूरकर