ब्लोअरचा दोष मुळापासून शोधायला शिकवणाऱ्या वायरमन काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

गाडीचा ब्लोअर, म्हणजे एसीची हवा फेकणारा पंखा, बंद पडला की आधी मोटर बदलायची, मग रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा रोध), मग स्विच, आणि शेवटी दोष निघायचा गंजलेल्या अर्थमध्ये, म्हणजे बॉडीला जोडलेल्या मायनसच्या जोडात, अशीच रीत सगळीकडे चालते. तुम्ही आम्हाला तिच्यातून बाहेर काढलंत. आमच्या गॅरेजमधल्या सगळ्यांच्या वतीने हे आभार उघडपणे लिहितोय, म्हणजे तुमची पद्धत इतरांच्याही कामी येईल.

पॅनल उघडण्याआधी ग्राहकाला एकच गोष्ट विचारायची, ही तुमची पहिली शिकवण: कुठल्या स्पीडला चालतो? चार स्पीडच्या साध्या नॉबमध्ये फक्त चौथा चालत असेल तर रेझिस्टरचा थर्मल फ्यूज (जास्त तापलं की तुटणारा) उडालेला असतो, कारण चौथ्या स्पीडला करंट रेझिस्टरमधून जातच नाही. उलट चौथाच बंद असेल तर स्विचचा तो कॉन्टॅक्ट, त्याची वायर किंवा वेगळा रिले (जास्त करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) असेल तर तो बघायचा. सगळेच बंद असतील तर फ्यूज, रिले, मोटर, अर्थ. आणि मोटरचा आवाज पूर्ण येतोय पण अर्ध्या तासाने हवा कमी होते, एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा येते, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरलाय. त्यासाठी वायरिंगला हातही लावायचा नाही.

बऱ्याच गाड्यांत मोटरला प्लस थेट मिळतो आणि स्पीड मायनसच्या बाजूने बदलतो, हे तुम्ही कागदावर काढून दाखवलंत, तेव्हा मीटरचे आकडे बोलायला लागले. ब्लोअर चालू करून बॉडीच्या तुलनेत मोटरच्या दोन्ही पिनांवर 12 व्होल्ट दिसले तर मोटरच्या आतून जोड शाबूत आहे, मायनसची वाट तुटलीय. एकीवर 12 आणि दुसरीवर शून्य असूनही मोटर फिरत नसेल तर कार्बन ब्रश झिजलेत किंवा वाइंडिंग गेलंय. मोटरवर हलकं ठोकल्यावर ती सुरू झाली तर बहुधा ब्रशच.

पण सगळ्यात मोठे उपकार व्होल्टेज ड्रॉपचे, म्हणजे करंट वाहत असताना वायरीत किंवा जोडात किती व्होल्ट खर्ची पडतात ते मोजायला शिकवल्याचे. कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून मीटर लावला की खराब वायरवरही साडेबारा व्होल्ट दिसतात, कारण करंटच वाहत नसतो. मोटर 20 अँपिअर ओढत असताना पिनेत नुसता 0.05 ओहमचा रोध असला तरी तिथे 1 व्होल्ट खर्ची पडतो आणि 20 वॉट उष्णता तयार होते. तेवढ्या उष्णतेने कपलर वितळतो. साध्या मीटरच्या ओहम रेंजवर हे सापडणार नाही. त्याच्या प्रोबच्या वायरीच 0.2 ते 0.3 ओहम दाखवतात. म्हणून ब्लोअर फुल ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं अर्थच्या बोल्टपाशी वायरच्या टोकावर. 0.2 व्होल्टच्या वर गेलं की बोल्ट सोडून, घासून, पुन्हा आवळायचा. काळा पडलेला कपलर तसाच ठेवून नवा रेझिस्टर बसवायचा नाही, ही तुमची ताकीद आम्ही काटेकोर पाळतो.

रेझिस्टर पुन्हा पुन्हा का जळतो, याचंही उत्तर तुम्हीच दिलंत. तो हवेच्या मार्गात बसवलेला असतो, त्या हवेवरच थंड राहतो. केबिन फिल्टर चोंदला की मोटरचा करंट वाढतो असं अनेक जण सांगतात; खरं तर पंख्यावरचा भार कमीच होतो, पण रेझिस्टरला वारा मिळत नाही. बेअरिंग जाम होणं त्याहून वाईट. मोटर अडकली आणि स्पीड पहिल्यावर असेल तर अडीच ओहमच्या रेझिस्टरमध्ये जवळपास 50 वॉट कोंडतात, वारा शून्य. अशा वेळी थर्मल फ्यूजच्या जागी तार जोडणं म्हणजे डॅशबोर्डमागे आग लावून ठेवणं. डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर) करंट बघायचा आणि त्याच मॉडेलच्या धडधाकट गाडीशी ताडायचा. साधा एसीचा क्लॅम्प इथे काही दाखवत नाही.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलमध्ये रेझिस्टरऐवजी ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं. जाड वायरींचे प्लस-मायनस ठीक, नॉबबरोबर पॅनलकडून मॉड्यूलला येणाऱ्या सिग्नलचं व्होल्टेज बदलतंय, तरी मोटर ढिम्म: आधी मोटरला बॅटरीवरून थेट सप्लाय देऊन बघायचं, फिरली तर मॉड्यूल गेलं. सिग्नलच हलत नसेल तर दोष पॅनलकडे. वेग कमीच होत नसेल तर बहुधा ट्रान्झिस्टर शॉर्ट. सिग्नलच्या वायरवर 21 वॉटच्या दिव्याचा टेस्ट लॅम्प लावायचा नाही, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर कुठल्याच कारणाने हात लावायचा नाही.

पावसाळ्यात काचेखालच्या जाळीत पानं साचून पाण्याची भोकं बुजतात, पाणी मोटरवर उतरतं. उंदीर पंख्यात घरटं करतात. त्यामुळे आता जूनच्या आधी सर्व्हिसिंगला आलेल्या प्रत्येक गाडीची जाळी आणि ग्लोव्हबॉक्समागचा फिल्टर आम्ही काढून बघतो आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाही. तुम्ही शिकवण्याचे घेतले नव्हतेत.

तुमचे ऋणी,
गॅरेजमधील सर्वजण