गोरिलाशेजारी उभ्या पर्यटकाचा फोटो छापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की मराठी वृत्तपत्रांच्या प्रवास-पुरवण्यांत रवांडा-युगांडाच्या गोरिलांवरचे लेख दिसू लागतात. पुण्या-मुंबईहून तिकडे सहलीही जातात. लेखासोबतचे छायाचित्र बहुतेक वेळा एकाच धाटणीचे असते. पुढे हसणारा पर्यटक, मागे चार पावलांवर रुपेरी पाठीचा नर, आणि पर्यटकाच्या तोंडावर मास्क नाही. हे पत्र त्या छायाचित्राबद्दल आहे.

माउंटन गोरिला जगात दोनच ठिकाणी उरले आहेत. एक म्हणजे रवांडा, युगांडा आणि काँगो (लोकशाही प्रजासत्ताक) यांच्या सीमेवरचा विरुंगा ज्वालामुखींचा डोंगरपट्टा. दुसरे युगांडातले ब्विंडीचे जंगल, त्याला लागून असलेल्या काँगोतल्या साराम्ब्वेसह. 1981च्या गणनेत विरुंगात 254 गोरिला होते. 2015-16मध्ये तिथे 604 आणि 2018मध्ये ब्विंडीच्या बाजूला 459 मोजले गेले, म्हणजे एकूण 1,063. हे आकडे नजरअंदाजाचे नाहीत. गोरिला रोज रात्री पाल्याची नवी गादी करून झोपतात. सकाळी त्या गाद्यांतली विष्ठा गोळा करून तिच्यातल्या डीएनएवरून एकेक प्राणी ओळखला जातो. या वाढीमुळेच नोव्हेंबर 2018मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत त्यांची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आली.

ही वाढ घडली ती रोज पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकांमुळे, जंगलात जाऊन उपचार करणाऱ्या पशुवैद्यांमुळे आणि पर्यटकांच्या पैशामुळे. रवांडात एका तासाच्या भेटीचा परवाना 1,500 डॉलरला, युगांडात 800 डॉलरला मिळतो. रवांडा उद्यानांच्या पर्यटन-उत्पन्नाचा दहावा हिस्सा आसपासच्या गावांना देतो. करोनाच्या काळात पर्यटन थांबले होते, तेव्हा जून 2020मध्ये ब्विंडीतला रफिकी हा नर भाल्याने मारला गेला. त्यामुळे ‘तिकडे जाऊच नका’ असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न आहे तो तिथे कसे वागायचे याचा.

गोरिलाचा डीएनए आपल्याशी सुमारे 98 टक्के जुळतो, म्हणून आपले आजार त्याला सहज लागतात. 1988मध्ये विरुंगात श्वसनाच्या साथीत सहा माद्या दगावल्या. गोवराचा संशय आल्याने 65 गोरिलांना दुरून सुई मारून लस द्यावी लागली. 2009मध्ये रवांडातल्या हिर्वा कळपात 12पैकी 11 जण आजारी पडले. एक मादी आणि एक पिल्लू मेले. मेलेल्या दोघांत सापडलेला मेटान्यूमोव्हायरस माणसांमध्ये बहुतेकदा साध्या सर्दी-खोकल्यावर भागतो. या विषाणूंशी गोरिलांच्या शरीराची आधी गाठ पडलेली नसते. ते थंड, ओल्या उंचीवर राहतात, अंगाला अंग लावून झोपतात आणि पिल्लू दिवसभर आईच्या छातीशी असते. आजारी गोरिलाला वेगळे ठेवता येत नाही. शिवाय मादी साधारण दहाव्या वर्षी पहिल्यांदा विते आणि पुढे चार-चार वर्षांनी. एक मादी गेली की तिच्या पुढच्या सगळ्या वेतांवर पाणी पडते.

म्हणून नियम आहेत. एका कळपाला दिवसाला आठ पर्यटक, एक तास, 15 वर्षांखालील मुलांना मनाई. अंतर पूर्वी सात मीटर होते, करोनानंतर दहा झाले आणि रवांडा-युगांडात मास्क आला. दहा मीटर म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीची निम्मी लांबी. एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मोडतो तो नेमका अंतराचा नियम. ब्विंडीत मोजमाप झाले तेव्हा पर्यटक आणि गोरिला यांच्यातले सर्वांत कमी अंतर सरासरी तीन मीटरच्या आतच भरले, आणि तेव्हा मर्यादा सातची होती. झाडी दाट असते, लहान गोरिला कुतूहलाने स्वतःच पुढे येतात, हे खरे. पण पर्यटकाला ‘जवळचा’ फोटो हवा असतो आणि वाटाड्याची बक्षिसी पर्यटकाच्या खुशीवर ठरते, हेही तितकेच खरे. 2013 ते 2019 दरम्यान इन्स्टाग्रामवर आलेली अशी 858 छायाचित्रे अभ्यासकांनी तपासली. त्यांतल्या 86 टक्के छायाचित्रांत माणूस आणि गोरिला चार मीटरच्या आत होते. असा एक फोटो पाहून दुसरा पर्यटक तोच हट्ट धरतो. वृत्तपत्रातले छायाचित्र या साखळीतली मोठी कडी आहे, कारण छापून आलेले ते रीतसरच असणार असे वाचकाला वाटते.

दुसरी अडचण पैशाची. सव्वा लाख रुपयांहून अधिक भरून, विमानाने खंड ओलांडून गेलेला माणूस सकाळी घसा खवखवत असल्याचे कबूल करील का? म्हणून आजारपणामुळे माघार घेतल्यास किती पैसे परत मिळतील हे आरक्षण करतानाच लेखी घ्यावे. गोरिलांची भेट सहलीच्या शेवटच्या दिवसांत ठेवावी. विमानातल्या गर्दीत लागलेली सर्दी एक-दोन दिवसांनी डोके वर काढते. उतरल्याच्या दुसऱ्या सकाळी जंगलात शिरणाऱ्याला ती अजून कळलेलीही नसते. फ्लूची लस निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्यावी. पीतज्वराची लस परतताना भारतातही विचारली जाते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच लागू होते. घामाने भिजलेला मास्क कुचकामी ठरतो, आणि कळपापर्यंतची चढण कित्येक तासांची असू शकते. म्हणून कोरडे मास्क प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवून कळपाजवळ पोचल्यावर बदलावेत. कळपाजवळ खाणे नाही, थुंकणे अजिबात नाही. तंबाखू खाणाऱ्यांनी त्या दिवशी पुडी खोलीतच ठेवावी. जंगलात शौचाला जावे लागले तर वाटाड्याला सांगून फूटभर खोल खड्डा खणून बुजवावा. 1996मध्ये ब्विंडीतल्या एका कळपाला खरूज झाली आणि एक पिल्लू दगावले. ती माणसांकडूनच आली असावी, असे तेव्हा दिसून आले. त्या कळपावर उपचार करणाऱ्या पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी पुढे गावकरी आणि गोरिला यांच्या आरोग्याचे काम एकत्र हाती घेतले, ते यामुळेच.

आजारांखेरीज गोरिलांना शिकाऱ्यांच्या फासकीचाही धोका आहे. फासकीबद्दल मात्र कोकणातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. रानडुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या अडकतो, तसेच विरुंगात हरणासाठी लावलेल्या फासात गोरिलाचे पिल्लू अडकते. वाकवलेल्या बांबूला दोरी किंवा तार बांधतात, हात पडला की बांबू सुटून वर उसळतो. मोठा नर बांबू मोडून निसटतो, पण मनगटावरचा फास तसाच राहतो. ओढावे तितका मांसात रुततो आणि पुढे हात सडतो. सोडवण्यासाठी पशुवैद्याला गुंगीची सुई मारावी लागते, त्या वेळी आईला आणि नराला दूर ठेवायला माणसे लागतात. 2012मध्ये रवांडात सुमारे चार वर्षांचे दोन गोरिला वाकवलेली फांदी मोडून फास निकामी करताना दिसले होते. तरी खरा उपाय रोजच्या गस्तीचा आणि गावात मांसाला दुसरा पर्याय देण्याचा.

काँगोच्या बाजूचे संकट वेगळे आहे. तिथे कोळशासाठी जंगल तुटते, सशस्त्र टोळ्या वावरतात. विरुंगा उद्यानाचे दोनशेहून अधिक वनरक्षक आजवर मारले गेले आहेत. त्यावर इथून करता येण्यासारखे फार थोडे आहे.

छायाचित्राचे मात्र आपल्या हातात आहे. पर्यटक आणि गोरिला एकाच चौकटीत जवळजवळ दिसत असतील, किंवा पर्यटक मास्कविना असेल, तर ते छापू नये. गोरिलाचा एकट्याचा, लांबच्या भिंगाने काढलेला फोटो वापरावा. आणि अशा प्रत्येक लेखाखाली चार ओळींची चौकट द्यावी: दहा मीटर, मास्क, एक तास, सर्दी असल्यास माघार.

आपले विश्वासू,
काही वन्यजीव-अभ्यासक वाचक, पुणे