स्कूटरचं इंजिन नाही, प्लास्टिक रडवतं

संपादक साहेब, नमस्कार,

घरच्याघरी गाडीची सर्व्हिसिंग करा असं सांगणारं जे काही पेपरात येतं ते मी आवडीने वाचतो, पण त्यात नेहमी तेच असतं, ऑइल कधी बदलायचं, स्पार्क प्लग कसा साफ करायचा, हवा किती भरायची. अहो पण स्कूटरच्या प्लगपर्यंत पोचायचं कसं ते कोण सांगणार? मोटरसायकलचा प्लग समोर दिसतो, स्कूटरचा कुठेतरी पॅनलच्या आत नाहीतर डिकीच्या खाली दडलेला असतो. घरी काम करायला बसलेला माणूस इंजिनापाशी हरत नाही, त्याच्या कितीतरी आधी प्लास्टिकपाशीच हरतो, हे माझं स्पष्ट मत आहे.

इंजिन झाकायची ही पद्धत तशी जुनीच. इटलीच्या पियाज्यो कंपनीने 1946 साली व्हेस्पा स्कूटर आणली, डिझाइन कोराडिनो द'अस्कानियो या विमानांच्या इंजिनियरचं, आणि चालवणाऱ्याच्या कपड्यांना ऑइल-ग्रीस लागू नये म्हणून त्याने इंजिन पत्र्याआड ठेवलं. पण बाजूचं कव्हर काढलं की इंजिन हाताशी यायचं, आणि पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असल्यामुळे कारच्या चाकासारखे नट काढून बदलता यायचं. आजच्या गाड्यांनी त्यातलं झाकायचं तेवढं उचललं. आता एक पॅनल काढायला आधी दुसरं, त्याच्या आधी फ्लोअरबोर्ड, आणि सगळ्यात आतला स्क्रू नेमका रबरी मॅटच्या खाली, जिथे कोणी बघतच नाही, मग माणूस जोर लावतो आणि कट्ट आवाज येतो.

तो आवाज लॉकचा असतो. पॅनल नुसत्या स्क्रूवर नसतं, आत छोटी प्लास्टिकची नाकं खाचांमध्ये अडकवलेली असतात, बऱ्याच वेळा पॅनल बाहेर ओढायचं नसून मागे किंवा खाली सरकवून काढायचं असतं. सगळे स्क्रू काढूनही हलत नसेल तर एक स्क्रू राहिलाय किंवा दिशा चुकतेय, तिसरं कारण क्वचितच. थंडीत प्लास्टिक कडक होतं, गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून मग हात लावलेला बरा. आणि स्क्रू ड्रायव्हर मापाचाच घ्या, फुलीत घट्ट बसणारा, आणि फिरवण्यापेक्षा दाबायला जास्त जोर लावा, एकदा स्क्रूचं डोकं गोल झालं की पाच मिनिटांचं काम दिवसभर पुरतं.

काढलेले स्क्रू वाटीत टाकणारे लोक बघितले की मला धडकी भरते. पुठ्ठ्यावर पॅनलचा किंवा कव्हरचा आकार काढा आणि स्क्रू जिथला तिथेच टोचून ठेवा. इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणाऱ्या बेल्टच्या बाजूचं जे मोठं कव्हर असतं त्याचे बोल्ट दिसायला सारखे पण लांबीला वेगळे असतात, लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, कव्हर आवळलं जातच नाही आणि जोर केला तर केसिंग फुटतं, आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर दोन-तीन आट्यांवरच लटकतो आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतो.

आता बेल्टचा विषय निघालाच आहे तर सांगतो, हे मी फारसं कुठे छापलेलं बघितलं नाही. नवीन बेल्ट किंवा रोलर (पुढच्या पुलीतली छोटी गोल वजनं) टाकून झाल्यावर मागच्या पुलीच्या दोन चकत्या हाताने फाकवून बेल्ट आत खोल दाबायचा, म्हणजे पुढच्या बाजूला बेल्ट ढिला पडतो. तसं नाही केलं तर पुढचा नट आवळताना बेल्ट चकती आणि मधल्या बुशच्या (शाफ्टवरच्या धातूच्या नळीच्या) मध्ये चिमटला जातो, हाताला नट एकदम टाइट लागतो, पण तो बेल्टवर आवळलेला असतो, बुशवर नाही. गाडी सुरू केली की बेल्ट सरकतो, नट मोकळा होतो आणि शाफ्टवरचे दाते खाल्ले जातात. म्हणून नट आवळल्यावर पुढची चकती हाताने फिरवून बेल्ट अडकलेला नाही ना ते बघायचं. बेल्टला ग्रीसचा हात लावायचा नाही हे सांगायला नको. मागचा क्लच मात्र घरी खोलू नका, त्या मोठ्या नटाने दाबलेली स्प्रिंग धरायला योग्य साधन नसेल तर ती सुटून तोंडावर येते.

बॅटरीचा मायनस आधी काढायचा, जोडताना शेवटी, कारण प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर तिथेच ठिणगी. ब्रेकच्या ड्रममधली धूळ तोंडाने फुंकायची नाही, आणि फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीची (जिच्यात पंप पेट्रोल प्रेशरने इंजिनाकडे पाठवतो) पेट्रोलची नळी प्रेशर सोडल्याशिवाय काढायची नाही. अजून एक, ऑइल काढायला बसलेले लोक मागच्या चाकाजवळचा गिअर ऑइलचा बोल्ट उघडतात आणि वरून इंजिनात नवीन ऑइल ओततात, म्हणजे गिअर कोरडा आणि इंजिनात दुप्पट. दोन्ही बोल्ट वेगळे आहेत एवढं एक चित्र ओनर मॅन्युअलमध्ये ठळक दिलं तरी पुष्कळ झालं.

मॅन्युअलबद्दलच खरी तक्रार आहे. ब्लूटूथ जोडायला पानंच्या पानं, आणि पॅनल कोणत्या क्रमाने निघतात, कुठला स्क्रू किती लांब, नट किती आवळायचा, याला एक ओळ नाही, ते सगळं सर्व्हिस मॅन्युअलमध्ये, जे गाडीबरोबर मिळत नाही. कंपन्यांनी निदान प्लग, एअर फिल्टर आणि बॅटरीसाठी एक-दोन स्क्रूत उघडणारी झाकणं द्यावीत आणि पॅनलचा एक पानी नकाशा सीटच्या खाली चिकटवावा. आणि तुम्ही नवीन गाड्यांची माहिती छापता तेव्हा मायलेज आणि रंगांच्या शेजारी एवढं जरूर लिहा की या गाडीचा प्लग काढायला किती पॅनल उतरवावे लागतात.

आपला,
एक वाचक