दिल्या, फोटो जुना होता

सोलापूर,
14 जून

प्रिय दिल्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. माझी शुगर होती तिथंच आहे, आईचे गुडघे तसेच, दात एक काढला. झालं तब्येतीचं.

अक्षय तृतीयेला तू व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंस, "मंडळी कशी आहेत बे?" मी आपल्या माशांचा फोटो टाकला. पाचही जण टाकीतल्या मडक्याच्या तोंडाशी, मामलेदार पुढं. तू लिहिलंस, "मामलेदार सुटलाय." मी हसण्याचं चित्र टाकलं. तो फोटो गेल्या दिवाळीतला होता. त्यानंतर अजून दोन पाठवले, तेही जुने. जिथं खोटं बोललो तिथंच खरं लिहायला बोट धजेना, म्हणून हे पोस्टानं.

कोतवाल आणि शिरस्तेदार गेले.

एप्रिलचा दुसरा आठवडा. बाहेर 43, घरात 36, टाकीतलं पाणी 33. टाकीवर टेबलफॅन लावला होता. आपली हवा कोरडी, त्यामुळं कूलरसारखं चालतं, पाणी तीन अंश तरी उतरतं. पण मग रोज तीन-चार लिटर उडून जातं आणि मागं क्षार राहतात. त्यात वरून बोअरचं पाणी ओतलं की टाकीच्या काचेवर पांढरी रेघ, तुला माहीतच आहे. नळाला तेव्हा आठ दिवस पाणी नव्हतं. पिंप तळाला गेलं. टाकीला वास यायला लागला, पाणी गढूळ.

नवव्या दिवशी पहाटे चारला नळ आला. सगळी गल्ली बादल्या घेऊन उठली. मीही उठलो, आणि त्या गडबडीत जे करू नको म्हणून तू मला नऊ वर्षं बजावत आलास तेच केलं. अर्ध्याहून जास्त पाणी काढलं आणि पाइप थेट नळाला लावून टाकी भरली. पिंपात रात्रभर ठेवलं नाही, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचे थेंब टाकले नाहीत. बाटली समोरच्या फळीवर होती. वर शहाणपणा म्हणून फिल्टरचा स्पंजही त्याच नळाखाली खसाखसा धुतला, पार पिवळा होईपर्यंत. आईसुद्धा म्हणाली, "आज लई स्वच्छ केलास."

साडेसहाला बघतो तर कोतवाल वाळूवर आडवा.

आता इथंच माझं अडलंय, दिल्या. दुसरा कुठला मासा असता तर मी पळत सुटलो असतो. पण ही बोटियाची जात! तुझी दक्षिण कसब्यातली खोली आठव. 2016, टाकी लावून दुसरी रात्र. मामलेदार लाकडाच्या ओंडक्याखाली कुशीवर, पोट वर आलेलं. तू मला फोन केलास, मी लुंगीवर आलो. तुझा आवाज बसलेला, हातात पेपरचा तुकडा, गुंडाळायला. तू हात घातलास आणि हा पठ्ठ्या सुळकन निघून पलीकडं जाऊन मिशा हलवत बसला. वहिनी दारातून म्हणाल्या, "मेला नाही, झोपलाय. तुमच्यासारखा." त्या दिवसापासून आपलं ठरलं, की ही जातच नाटकी. आडवे पडतात, फटीत उलटे अडकून राहतात, आपण घाबरायचं नाही.

म्हणून मी घाबरलो नाही. आईला म्हटलं, "कोतवाल ड्युटीवर झोपलाय." आणि चहा प्यायलो. पेपर वाचला. खारी खाल्ली दोन.

पण त्याचे कल्ले भराभर हलत होते. नाटक करतात तेव्हा ते संथ असतात, कधी कधी हलतायत की नाही तेही कळत नाही. त्या दिवशी शिलाई मशीनच्या सुईसारखे चालले होते. मी ते पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं आणि डोक्यानं सोडून दिलं. रात्री पडल्यावर तेच येतं समोर, ते कल्ले आणि माझ्या हातातली खारी.

सव्वासातला परत गेलो तेव्हा तो गेला होता. शिरस्तेदार वर येऊन तोंड उघडझाप करत होता. मग थेंब ओतले, दुसरी हवेची मोटर लावली, पिंपाच्या तळाचं शिळं पाणी बादलीत घेतलं आणि त्याला जाळीनं उचलायला गेलो. जाळीनं! डोळ्याखालचा काटा जाळीत अडकला. तो काटा एरवी दिसतही नाही, खाचेत मिटलेला असतो. पण भ्यायला की बाहेर काढतो आणि ताठ करून ठेवतो. सोडवायला गेलो तर त्याच्या डोळ्याभोवतीची कातडी ताणली जात होती. शेवटी आईच्या शिवणाच्या कात्रीनं जाळी कापली, आणि तो जाळीच्या तुकड्यासकट बादलीत. माझ्या अंगठ्यावर अजून बारीक व्रण आहे. बादलीत सहा दिवस जगला. मला वाटलं वाचला.

मग टाकीतल्या तिघांचं पाणी बिघडायला लागलं, ते त्या स्पंजमुळं. स्पंजात घाण खाणारे जिवाणू वसलेले असतात, तेच मी नळाच्या क्लोरीननं धुऊन टाकले होते. अमोनिया तपासायचे थेंब आणले. परीक्षानळी पिवळी यायला हवी, ती हिरवी आली. आपलं पाणी जड आणि अल्कधर्मी, वर उकाडा, म्हणजे तोच अमोनिया जास्त विषारी. पंधरा दिवस रोज थोडं थोडं पाणी काढून शिळं पाणी घातलं. तिघं तरले. शिरस्तेदार बादलीत एकटाच होता, तिथं तर फिल्टरही नव्हता. सातव्या दिवशी सकाळी खरोखर आडवा. त्या वेळी मात्र मी तासभर वाट पाहिली, नाटक असेल म्हणून.

दोघांना तुळशीत पुरलं. हसू नकोस.

तुझ्या लेकीचं बारावीचं कळलं, छान झालं. तिला म्हणावं काकांनी पेढे मागितलेत. पुण्यात बदली टिकली ते बरं. कमरेच्या पट्ट्याचं काय झालं? लावतोस का? वहिनींना नमस्कार.

तर आता तिघं. मामलेदार, तलाठी आणि बाई. पाच होते तेव्हा मामलेदाराचा जाच चौघांत वाटला जायचा. आता सगळा तलाठ्यावर. दिवसभर मागं लागतो, भांडताना दोघांच्या अंगावरचे पट्टे पुसल्यासारखे फिके पडतात. बाई मडक्यातून निघतच नाही. पूर्वी रात्री गोळ्या टाकल्या की टक् टक् आवाज यायचा, आई म्हणायची पाल आहे. दोन महिने तो आवाज नाही.

नव्या पेठेतल्या आपल्या त्याच दुकानात झेब्रा बोटिया, म्हणजे आपल्याच जातीचे, आलेत. आठ आहेत. त्यातले तीन त्यानं माझ्यासाठी राखून ठेवलेत. आणि इथं तुझं-माझं जुनं भांडण आडवं येतंय. आठवतं ना, गड्ड्याच्या जत्रेत, पाळण्याच्या रांगेत? तू म्हणालास, हा मासा बाहेरचा नाही, आपल्याच सह्याद्रीतल्या नद्यांतला, धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे, नदीतून धरून आणतात, मी पाच घेतले ते चुकलं, पुन्हा घेणार नाही. मी म्हणालो, "तुझ्या पाच माशांनी कृष्णा आटली नाही." तू पाळण्यात बसलाच नाहीस. पंधरा दिवस बोलला नाहीस. मी मात्र दोन फेऱ्या मारल्या, तुझंही तिकीट वापरून. ते पैसे मी अजून दिलेले नाहीत.

आता मला वाटतं तू बरोबर होतास, आणि नेमकं आत्ताच वाटावं याचा राग येतोय. घेतले तर नदीतून अजून तीन कमी. नाही घेतले तर तलाठी दिवाळी बघत नाही. घरच्या टाकीत हे पिल्लं देत नाहीत, नाहीतर प्रश्नच नव्हता. दुकानदार म्हणतो, योयो जातीचे मासे टाका, दिसायला भारी. त्याला काय सांगू?

तिसरा रस्ता तू. तुझ्या ऑफिसातल्या त्या साहेबांकडं झेब्रांचा मोठा घोळका आहे म्हणालास ना, टाकी सहा फुटी. त्यात आपले तीन मावतील. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं घेऊन येतो, चार तासांचं काम. पिशवीत नाही, काटा पिशवी फोडतो. झाकणाला भोकं पाडलेला पिठाचा डबा आईकडून मागून ठेवलाय, दोन दिवस आधी उपाशी ठेवतो म्हणजे पाणी घाण होत नाही.

आण म्हणालास तर मला वाईट वाटेल, ते आत्ताच सांगून ठेवतो. तू पुण्याला जाताना म्हणाला होतास, "सहा महिने सांभाळ, घर मिळालं की नेतो." तेव्हा मी मनात म्हटलं होतं, हा विसरला तर बरं. तू विसरलास, आणि मी कधी आठवण करून दिली नाही.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. लिही. दुकानदार रविवारपर्यंत थांबतो म्हणालाय, पण मी त्याला अजून आठ दिवस मागून घेईन. सोबत शेंगाचटणी आहे, अर्धा किलो, तिखट कमी टाकायला लावलंय वहिनींसाठी. शिव्या घालायच्या तर घाल, पण चटणी परत पाठवू नकोस.

तुझा,
मल्लू

ता. क. आत्ता पाकीट बंद करायला उठलो तर तलाठी आडवा होता. कल्ले मोजले, घड्याळ लावून. संथ आहेत.